मिनिटाला चाळीस थेंब

आमच्या मालकांनी कधी कुणा माणसाच्या तब्येतीची चौकशी केल्याचं मला आठवत नाही. त्यांची स्वतःची बायको गुडघ्यांनी बेजार होती, तिला ते एवढंच विचारायचे, "चहा झाला?" पण रोज सकाळी सहाला ते विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत चप्पल काढून शिरायचे, पंपाच्या अंगावर तळवा ठेवायचे आणि बराच वेळ तसेच उभे राहायचे. "ताप हाय का बघतो," असं म्हणायचे. रात्रभर बंद असलेल्या लोखंडाला ताप कुठून येणार, असं मी एकदा विचारलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी नर्स आहे हे मलाच खोटं वाटायला लागलं.

कामतघरला त्यांची अकरा खोल्यांची चाळ होती आणि चाळीच्या मागे विहीर. लग्नाआधीची सहा वर्षं मी आणि आई तिथे भाड्यानं राहिलो. मी भिवंडीतल्याच एका खाजगी हॉस्पिटलात नर्स, त्यामुळे चाळीत मला सगळे सिस्टर म्हणत. मालक शिस्टर म्हणत. मूळचे ते जवळच्या वळ गावचे शेतकरी. तिथली भातशेती गोदामांखाली गेली, त्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत. बोलायचे ते पंपाबद्दल, आणि एकदा सुरू झाले की समोरच्याची ड्युटी हुकली तरी त्यांना पर्वा नसे.

पंप जुना होता. त्याच्या वयाचे पंप केव्हाच भंगारात गेले, असं गल्लीतले मिस्त्री सांगत. हा टिकला तो मालकांच्या नियमांवर. वरच्या नरसाळ्यातून तांब्यातांब्यानं पाणी ओतायचं, आतली हवा बुडबुडे होऊन निघून गेली की मगच बटण दाबायचं. एकदा बंद केला की पाव तास त्याला हात लावायचा नाही. भिंतीवरच्या व्होल्टेजच्या मीटरचा काटा दोनशेच्या खाली असेल तर साक्षात देव आला तरी पंप सुरू होणार नाही. आजूबाजूला सगळे कापड विणणारे लूम, त्यांची रुई उडून मोटरीच्या जाळीत बसायची. ती काढायला मालकांनी दाढीचा ब्रश ठेवला होता. स्वतःची दाढी आठवडा आठवडा वाढलेली असायची, मोटर मात्र रोज गुळगुळीत.

त्या काट्यानं माझा साखरपुडा गाजवला. पडघ्याहून माझी सासरची मंडळी आली होती. मटणाची पंगत उठली आणि हात धुवायला नळ सोडला तर टाकी रिकामी. मालक पंपाच्या खोलीत गेले आणि तसेच बाहेर आले. "एकशेनव्वद हाय. थांबावं लागल." माझे भावी सासरे हसले, त्यांना वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. शेजारच्या कारखान्यात शिफ्ट बदलेपर्यंत चाळीसेक माणसं रश्श्याचे हात वर धरून बसली. शिफ्ट बदलताना लूम काही मिनिटं थांबतात, तेव्हा काटा चढतो, हे मालकांना पक्कं ठाऊक होतं. काटा चढला, पंप सुरू झाला, पाहुण्यांनी हात धुतले. सासूबाई आजही कुठे लग्नाला गेल्या की आधी नळ सोडून बघतात.

शुक्रवार हा आमच्या चाळीचा सण. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद, त्यामुळे काटा भरभरून वर. चादरी, गोधड्या, पडदे, सगळं शुक्रवारी धुवायचं. मालकही त्या दिवशी खुशीत असायचे. त्यांनी माझ्याकडून एक जुना स्टेथोस्कोप मागून घेतला होता. पंप चालू असताना तो कानाला लावून ते बेअरिंग तपासायचे आणि मला सांगायचे, "छाती साफ हाय."

आता थेंबांचं सांगते, कारण सगळं महाभारत त्या थेंबांवरून झालं.

पंपाचा दांडा जिथे बाहेर येतो तिथे त्याच्याभोवती एक ग्रीस लावलेली दोरी गुंडाळलेली असते आणि ती दोन नटांनी दाबून धरलेली असते. त्याला ग्लँड म्हणतात. पंप चालू असला की तिथून पाणी ठिबकतं. मालकांनी खाली एक पितळेची वाटी ठेवली होती आणि ते थेंब मोजायचे. मिनिटाला चाळीस. कमी पडले तर नट किंचित सैल करायचे, जास्त पडले तर किंचित आवळायचे. "त्या पान्यावर दांडा थंड राहतो," ते सांगायचे. "घाम न येनारा गडी आन थेंब न टाकनारा पंप, दोघांशी सोयरीक नको."

मी हॉस्पिटलात दिवसभर सलाइनचे थेंब मोजते हे कळलं त्या दिवशी त्यांच्या लेखी माझी किंमत एकदम वाढली. चाळीतले बाकी सगळे भाडेकरू लूमवर कामाला. त्यांच्याबद्दल मालकांचं मत ठरलेलं होतं. "भली माणसं हाईत. पन कान लूमनं खाल्लं त्यांचं. पंप कन्हला तरी त्यांना ऐकू येनार न्हाय." म्हणून कुठे गावाला गेले की खोलीची किल्ली माझ्याकडे.

हा एवढा जिव्हाळा पंपावर का, ते मला मालकीणबाईंनी सांगितलं. त्यांचा एकच मुलगा. त्याचा गोदामांच्या भागात गाड्यांचा धंदा, पांढरी मोटार, बोलायला मऊ. त्याला विहीर बुजवून चाळीच्या जागी बिल्डिंग उठवायची होती. बापलेकांचं त्यावरून जोरदार वाजलं. शेवटी मालक म्हणाले, "ज्या दिवशी हा पंप बंद पडल त्या दिवशी सही करतो. तोवर हितं बिल्डर आनू नको." मुलगा हुशार. त्यानं विचारलं, बंद म्हणजे किती बंद? तेव्हा ठरलं, सकाळी बंद पडलेल्या पंपातून दिवे लागेपर्यंत पाणी आलं नाही तर तो मेला. मुलाला वाटलं, म्हातारा पंप, फार तर एखादा पावसाळा काढेल. म्हणून तो फोन केला की आधी विचारायचा, "पंप कसा हाय?" नवीन भाडेकरूंना याचं कोण कौतुक वाटायचं.

तर त्या पंपावर आम्हा अकरा बिऱ्हाडांची छपरं टांगलेली होती. कुणाकडेही धड कागद नव्हता. बिल्डिंग झाली असती तर आम्ही कुठे गेलो असतो, हे विचारायचं धाडससुद्धा कुणी करत नसे.

आणि तो पंप मी बंद पाडला. मीच.

मे महिना होता. विहिरीनं तळ गाठला होता, दारादारांत हंड्यावरून भांडणं होती. मालक वळ गावी नातेवाइकांकडे हळदीला गेले आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेले. गुरुवारी संध्याकाळी मी पंप लावला. ग्लँडखालची वाटी भरून वाहत होती. बाहेर दोन बायका एका कळशीवरून एकमेकींचं कूळ काढत होत्या, आणि आत माझ्या डोळ्यांदेखत पाणी जमिनीत मुरत होतं. तासाला ते जेमतेम एक पेलाभर असेल. एवढं मला, थेंब मोजणाऱ्या बाईला, कळायला हवं होतं. पण टंचाईत डोकं चालत नाही, डोळेच चालतात. शिवाय आमच्या धंद्यात गळणारी वस्तू दिसली की हात आपोआप पुढे होतो. मी पाना घेतला आणि दोन्ही नट आवळले. ठिबकणं थांबलं. जळक्या सुतळीसारखा वास आला, तो मला शेजारच्या कारखान्यातला वाटला. आईला मी जेवताना मोठ्या ऐटीत सांगितलं, आज पाणी वाचवलं म्हणून.

शुक्रवारी सकाळी चाळीनं गोधड्या भिजवल्या. मी पंप लावला. दहा मिनिटांत तो किंचाळला, धूर आला आणि गप्प झाला. मी खोलीबाहेर धावत आले तर समोर पांढरी मोटार उभी. मुलगा बापाला हळदीहून परत घेऊन आला होता. दोघेही उतरले, दोघांनीही धूर पाहिला.  मी सरळ सांगून टाकलं, "मालक, मी नट आवळले. थेंब बंद केले. माझ्यामुळे झालं."

मालक आत गेले. चप्पल काढायला विसरले नाहीत. पंपावर तळवा ठेवला आणि लगेच काढला. मग मला आत बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "केलंस त्याचं काय न्हाय. माझ्या हातूनबी एकदा झालंय. पन त्याच्यासमोर कशाला बोल्लीस?"

मला त्या बोलण्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. मला वाटलं, अब्रूचा प्रश्न असेल.

मुलानं आवाज चढवला नाही की काही नाही. घड्याळ पाहिलं. "बाबा, दिवे लागेपर्यंत," एवढंच म्हणाला, खुर्ची मागवून घेतली आणि विहिरीच्या कडेला बसला.

मालकांनी पंप खोलला. मी पाने हातात देत होते, ऑपरेशनला देतात तसे. लोणच्याच्या बरणीत त्यांनी ग्लँडची नवी दोरी ग्रीसमध्ये मुरत ठेवली होती, त्याची अडचण नव्हती. पण दांड्यावरची पितळी नळी पार खरवडून निघाली होती. ती नवीन कातून घ्यायला हवी, म्हणजे लेथ हवा. लेथवाले चाचा गल्लीच्या टोकाला, आणि शुक्रवार असल्यामुळे त्यांचं शटर खाली. मी धावत त्यांच्या घरी गेले. चाचा नमाजला निघाले होते, पांढरा कुर्ता, अत्तराचा वास. मी हात जोडले. ते म्हणाले, "बेटी, नमाज़ के बाद. पंप को बोलो सब्र करे."

दुपार कशी गेली ते मला विचारू नका. भिजलेल्या गोधड्या तशाच बादल्यांत पडून होत्या. बायका आधी बादल्यांकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे. आई म्हणाली, "सामान बांधायला घेऊ का?" मला तिचा राग आला आणि मग रडू आलं.

चाचा नमाजहून आले ते कपडेही न बदलता थेट शटर उघडून लेथवर उभे राहिले. कुर्त्याच्या बाह्या वर केल्या आणि तीन तास नळी कातली, घासली, बसवून पाहिली, परत घासली. शुक्रवार आमच्यावर उलटला होता, तोच मग कामाला आला. लूम बंद असल्यामुळे लेथला वीज भरपूर मिळाली. ऊन उतरता उतरता पंप जोडून झाला. मालकांनी तांब्यातांब्यानं पाणी भरलं. बुडबुडे संपेपर्यंत आम्ही सगळे त्या नरसाळ्यात डोळे घालून होतो, मुलगासुद्धा. बटण दाबलं. आधी खोकल्यासारखा आवाज झाला आणि मग टाकीत पाणी पडायला लागलं.

माझा जीव भांड्यात पडला. चाळीत बायकांनी बादल्या वाजवल्या. समोरच्या दुकानाचा दिवा त्यानंतर लागला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मालकांचं मात्र टाकीकडे लक्षच नव्हतं. ते पाना घेऊन ग्लँडजवळ बसले होते. नट थोडा सैल, आणखी थोडा. एक थेंब आला. "मोज, शिस्टर." मी घड्याळ लावून मोजले. चाळीस. मग कुठे त्यांनी घाम पुसला.

मुलानं चहा घेतला, चाचांना नमस्कार केला. जाताना तो पंपाजवळ वाकून बराच वेळ बघत राहिला. "एवढ्याशा नटानं?" त्यानं विचारलं. मालकांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं मुलाला पंप कसा मरतो हे ठाऊक नव्हतं, तो नुसता वाट बघत होता. आता त्याला कळलं होतं. आणि ते मी शिकवलं होतं.

पुढे माझं लग्न झालं. मी आईला घेऊन पडघ्याला आले, नोकरी तीच राहिली. रोज बसनं येते जाते. मालकांची खबर लागायची ती त्यांच्या फोनवरून. फोन करून ते "छाती साफ हाय" म्हणायचे, आणि ते पंपाबद्दल असायचं.

यंदा मात्र त्यांची स्वतःची छाती भरली. न्यूमोनिया. मुलानं त्यांना आमच्याच हॉस्पिटलात आणलं. दहा दिवस होते. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला तर यांनी धापा टाकत विचारलं, "बेअरिंग कसा हाय?" डॉक्टरांना वाटलं, तापात बरळतायत. सलाइन लावलं तर पडल्या पडल्या थेंब मोजायचे आणि नव्या मुलींना सांगायचे, "पोरी, जास्त जातंय, चाकी आवल."

पण रोज संध्याकाळी मी गेले की मान माझ्याकडे वळवून एकच शब्द विचारायचे. "थेंब?"

किल्ली मुलाकडे होती. मालकीणबाई त्याच्याच घरी राहायला गेल्या होत्या, चाळीत भाडेकरू सगळे नवे, आणि खोलीला कुलूप. म्हातारा सलाइनवर, पंप मुलाच्या हातात, आणि नट आवळायला एक मिनिट लागतं. मी त्याला फोन केला तर तो म्हणाला, "चालू हाय, सिस्टर," आणि कामात असल्यासारखा फोन ठेवून दिला. मी नट आवळले त्या संध्याकाळीही पंप चालूच होता. जाऊन बघायची माझी हिंमत झाली नाही, खरं सांगते. खिडकीतून नुसतं डोकावून आले असते तरी चाललं असतं. पण वाटी कोरडी दिसली असती तर मी या माणसाच्या उशाशी उभी कशी राहिले असते?

म्हणून मी रोज सांगायचे, "चाळीस, मालक. मी बघून आले." ते डोळे मिटायचे.

अकराव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. मुलगा म्हणाला, मी घरी पुढे जातो, खोली झाडून ठेवतो. कुठली खोली ते बोलला नाही. मी रजा टाकली आणि मालकांना रिक्षात घालून निघाले. त्यांचा हात धरला होता, नुसती हाडं लागत होती. नाक्यावर रिक्षा थांबली तेव्हा ते म्हणाले, "शिस्टर, शुक्रवारी पन तू चालीस बोल्लीस."

"हो."

"शुक्रवारी पंचेचालीस पडतात. काटा वर असतो, पंप जोरात फिरतो, नट तसाच ठेवायचा. तुला म्हाईत न्हाय, कारन शुक्रवारी मीच मोजायचो. तू मोजलंस तो एकच शुक्रवार, तवा मी नट नव्यानं लावत व्हतो."

 म्हणजे शुक्रवारपासून यांना ठाऊक होतं की मी खोटं बोलतेय. म्हणजे तेव्हापासून ते तिथे पडून तीच कोरडी वाटी बघत होते जी मी बघत होते. "मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तू एवढ्या आशेनं सांगायचीस," ते म्हणाले. "तुजं तोंड कशाला पाडू?"

रिक्षा चाळीपाशी थांबली.

मुलगा पंपाच्या खोलीच्या दारात उभा होता. पायांत काही नव्हतं, बूट बाहेर उंबऱ्याशी काढून ठेवलेले. पंप चालू होता. मालक माझ्या खांद्यावरचा हात काढून स्वतःच आत गेले, पंपावर तळवा ठेवला आणि मग ग्लँडसमोरच्या बाकड्यावर बसले. वाटीत पाणी होतं. एक थेंब पडला, मग दुसरा. ते ओठ हलवत मोजत राहिले, मी घड्याळ बघत राहिले. मिनिट संपलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोनी आवलला न्हाय," ते म्हणाले. मी भिंतीला टेकले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मुलगा अजून दारातच होता. घसा खाकरून तो म्हणाला, "बाबा, एक विचारायचं होतं. रोज चाळीस पडतात. पण शुक्रवारी पंचेचाळीस पडले. मी घाबरलो. दोनदा मोजले. आवळायला पाना हातात घेतला होता, मग म्हटलं, नको, बाबांना विचारू. काय बिघडलंय का?"

 मालक बाकड्यावर थोडे सरकले आणि शेजारची जागा हातानं पुसली.